कोणते वाळवंट?

उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी एक वाक्य भेटतेच : अमुक कवीच्या आधीचा काळ म्हणजे मराठी कवितेचे वाळवंट. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे वाक्य आपणच त्यांना वर्गात आणि समीक्षालेखांतून पुरवले आहे. माझा आक्षेप त्या काळाच्या मूल्यमापनाला नाही, उपमानाला आहे. वाळवंटातला वसंत काय असतो याची ते वापरणाऱ्याला वार्ताही नसते.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या आग्नेय भागात सान पेद्रो नावाची नदी आहे. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात उगम पावून ती उत्तरेकडे वाहते. पात्र किरकोळ; पण मार्चमध्ये तिच्या काठाने कॉटनवूडची आणि आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या विलोची पोपटी रेघ उमटते. एप्रिल-मेमध्ये मेक्सिकोकडून उत्तरेला निघालेले असंख्य पक्षी याच रेघेच्या आधाराने रुक्ष प्रदेश ओलांडतात. ३००हून अधिक जातींची तेथे नोंद आहे. आसपासच्या उतारांवर खसखशीच्या कुळातली सोनेरी फुले उमलतात, तीही हिवाळी पाऊस बरा झाला तरच. नाही झाला, तर बी मातीत वर्षानुवर्षे थांबते. थांबणे आणि नसणे यांतला हा भेद आपल्या किती वाङ्मयेतिहासकारांनी ओळखला?

आणि कोकिळा? वसंत म्हटला की आपल्याला ती लागतेच. सान पेद्रोकाठी येणारा पिवळ्या चोचीचा कुक्कू कोकिळकुळातलाच. पण तो येतो वसंत सरता सरता, आणि बहुधा स्वतःचे घरटे स्वतः बांधतो. आपल्या संकेतांची एवढी अवज्ञा!

कोणी म्हणेल, उपमानच ते, एवढे काय मनावर घ्यायचे? घ्यायचे, कारण जे 'ओसाड' ठरते त्याचे पाणी उपसताना कोणाला काही वाटत नाही. अमेरिकी काँग्रेसने १९८८ मध्ये या नदीच्या वरच्या अंगाचा सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा संरक्षित केला. परंतु शेजारच्या वस्त्यांसाठी भूजलाचा उपसा चालूच राहिला. कॉटनवूडचे कापसाळ बी पूर ओसरल्यावरच्या ओल्या वाळूत रुजते. भूजल झपाट्याने खाली गेले की रोप जळते. त्या कुक्कूच्या पश्चिमेकडील समूहाची गणना २०१४ मध्ये संकटग्रस्तांत करावी लागली.

मौज अशी की मराठीत तरी ही चूक व्हायला नको होती. आपल्या भाषेत वाळवंट हे नदीचेही असते. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांचे खेळ रंगले, कीर्तने झाली. मराठी कवितेचा केवढा तरी भाग त्या वाळूवर उभा राहून गायला गेला, आणि आपण तोच शब्द कवितेच्या अभावासाठी राबवतो!

यंदा ते वाक्य पुन्हा आले तर गुण कापणार नाही. समासात तांबड्या शाईने इतकेच विचारीन : कोणते वाळवंट?