विश्लेषण : अमेरिकी अध्यक्षांची चौकशी, निकाल न्यायालयाचा की लोकांचा?

२० ऑक्टोबर १९७३, शनिवार. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपलीच चौकशी करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना पदावरून हटवले. पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनमध्ये निषेधाच्या लाखो तारा येऊन पडल्या. व्हाइट हाऊससमोरून जाणारे मोटारचालक महाभियोगाच्या मागणीसाठी हॉर्न वाजवू लागले.

१९९८ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविरुद्धचा चौकशी अहवाल जाहीर झाला, तेव्हा मात्र त्यांची लोकप्रियता घटण्याऐवजी वाढली. २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि लोकमत जागचे हललेच नाही. देश एक, पद एक. मग प्रतिक्रिया तीन तऱ्हांच्या का?

अध्यक्षांवर थेट खटला का नाही?

पदावरील अध्यक्षावर फौजदारी आरोपपत्र ठेवता येत नाही, अशी अमेरिकी न्याय खात्याची १९७३ पासूनची भूमिका आहे. ती २००० मध्ये पुन्हा मांडली गेली. विशेष अभियोक्ता पुरावे गोळा करू शकतो, अध्यक्षांच्या सहकाऱ्यांवर खटले भरू शकतो. पण खुद्द अध्यक्षांबाबतचा पुढचा मार्ग प्रतिनिधीगृह आणि सिनेटमधून, म्हणजे महाभियोगातूनच जातो. तेथे बसलेल्यांना पुन्हा निवडून यायचे असते. त्यामुळे पुरावा कितीही भक्कम असला, तरी लोकप्रतिनिधींचे लक्ष मतदारांकडे असते. अशा प्रकरणात लोकांची प्रतिक्रिया ही बाहेरची गोष्ट राहत नाही. ती प्रक्रियेचाच भाग होते.

निक्सन : लोक नेमके कशाने चिडले?

वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण १७ जून १९७२ रोजी पकडले गेले. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. म्हणजे घरफोडीची बातमी लोकांना ठाऊक होती, पण तिने कोणी पेटून उठले नव्हते.

१९७३ च्या उन्हाळ्यात सिनेट समितीची सुनावणी दूरचित्रवाणीवर घरोघरी पोहोचली. अध्यक्ष आपल्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित करतात, हे जुलैमध्ये उघड झाले. कॉक्स यांनी त्या फिती मागितल्या आणि निक्सन यांनी त्यांना काढण्याचा आदेश दिला. अॅटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला. अखेर तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी रॉबर्ट बोर्क यांनी आदेश पाळला.

आठवडाभरात झालेल्या एका जनमत चाचणीत प्रथमच महाभियोगाच्या बाजूने ४४ आणि विरोधात ४३ टक्के लोक दिसले. फरक एका टक्क्याचाच, पण दिशा बदलली होती. निक्सन यांना दोन आठवड्यांच्या आत लिऑन जावोर्स्की हा नवा अभियोक्ता नेमावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९७४ मध्ये ८-० असा निकाल देऊन फिती द्यायला लावल्या आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या शनिवारी निक्सन दोषी आहेत याची खात्री लोकांना पटलेली नव्हती. चौकशी होणारा माणूसच चौकशी करणाऱ्याला काढतो, हे त्यांना रुचले नाही.

क्लिंटन : उलटा परिणाम का?

केनेथ स्टार यांनी १९९४ मध्ये तपास हाती घेतला तो आर्कान्सामधील व्हाइटवॉटर या जमीन व्यवहाराचा. चार वर्षांनी तो व्हाइट हाऊसमधील एका तरुणीशी असलेल्या अध्यक्षांच्या संबंधांपर्यंत आणि त्याबाबत शपथेवर खोटे बोलल्याच्या आरोपापर्यंत आला. अहवाल ११ सप्टेंबर १९९८ रोजी इंटरनेटवर प्रसिद्ध झाला.

क्लिंटन खरे बोलले, असे बहुतेकांना वाटत नव्हते. पण हा खासगी आयुष्यातला मामला आहे आणि तपास भलतीकडेच भरकटला आहे, अशी भावना बळावली. अर्थव्यवस्थाही जोरात होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत क्लिंटन यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात पाच जागा जास्त मिळवल्या. डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केला, तेव्हा गॅलपच्या चाचणीत त्यांना ७३ टक्क्यांची पसंती होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटने त्यांना दोषमुक्त केले.

याची एक किंमत मोजावी लागली. वॉटरगेटच्या संतापातून १९७८ मध्ये स्वतंत्र चौकशीचा कायदा झाला होता. १९९९ मध्ये त्याची मुदत संपली, तेव्हा दोन्ही पक्षांपैकी कोणालाच तो वाचवण्याची निकड वाटली नाही. तेव्हापासून विशेष अभियोक्ता न्याय खात्याच्या नियमांखाली नेमला जातो. आणि त्या खात्याचा प्रमुख अध्यक्षच नेमतात.

ट्रम्प : अहवाल आला, मत का बदलले नाही?

रॉबर्ट म्युलर यांची नेमणूक १७ मे २०१७ रोजी झाली. रशियाचा निवडणुकीतील हस्तक्षेप हा तपासाचा विषय. ३४ व्यक्तींवर आरोप ठेवले गेले. ट्रम्प या चौकशीला ‘सूडाची शिकार’ या अर्थाने रोज ट्विटरवर हिणवत राहिले. म्युलर जवळपास दोन वर्षे जाहीरपणे काहीच बोलले नाहीत.

अहवाल २२ मार्च २०१९ रोजी सादर झाला. दोनच दिवसांनी अॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी चार पानांचे पत्र काढून त्याचे सार सांगितले. मूळ ४४८ पाने, काही मजकूर काळा करून, १८ एप्रिलला बाहेर आली. रशियाशी संगनमताचा गुन्हा सिद्ध करता आला नाही. तपासात अडथळा आणल्याच्या मुद्द्यावर मात्र अध्यक्षांना निर्दोष ठरवता येत नाही, असे त्यात होते. पण तोवर लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे निकाल लावून टाकला होता. गॅलपच्या मोजणीत ट्रम्प यांची पसंती पहिल्या कारकीर्दीत ३४ ते ४९ टक्क्यांच्या पट्ट्यातच राहिली.

मग लोकांच्या प्रतिक्रियेचे मोल काय?

याचे उत्तर म्युलर यांच्याच अहवालात सापडते. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसचे वकील डॉन मॅकगॅन यांना म्युलर यांना हटवण्याच्या सूचना दिल्या, असे त्यात नमूद आहे. मॅकगॅन यांनी त्या पाळल्या नाहीत. १९७३ च्या त्या शनिवारची पुनरावृत्ती आपल्या हातून घडण्यापेक्षा राजीनामा बरा, असे त्यांनी ठरवले होते. ४४ वर्षांपूर्वी सामान्य माणसांनी पाठवलेल्या तारांचा धाक अजून शिल्लक होता. म्युलर यांचा तपास पूर्ण झाला.

यातून एक भेद स्पष्ट होतो. अध्यक्ष दोषी आहेत की नाहीत, यावर लोकांचे एकमत निक्सन यांच्या वेळीही नव्हते. ते पायउतार झाले, तेव्हाही सुमारे चौथा हिस्सा जनता त्यांच्यामागे होती. तसे एकमत व्हायला हवे असेही नाही. दोष ठरवायला पुरावे आणि सभागृहे आहेत. लोकांनी पहारा द्यायचा तो वेगळ्या गोष्टीवर : चौकशी नेमून दिलेल्या विषयापुरती राहावी, ती अर्ध्यात मारली जाऊ नये आणि तिचा अहवाल मूळ शब्दांत, वेळेवर लोकांसमोर यावा. स्टार यांच्या वेळी पहिली अट मोडली, निक्सन यांच्या वेळी दुसरी, ट्रम्प यांच्या वेळी तिसरी.

धोका कशात आहे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले. त्यानंतर त्याच महिन्यात विशेष अभियोक्ता जॅक स्मिथ यांनी त्यांच्यावरील खटले पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. कारण तेच, पदावरील अध्यक्षाला मिळणारे संरक्षण. त्याआधी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकृत कृत्यांसाठी अध्यक्षांना मोठे कवच दिले होते. कायद्याचा धाक जसजसा कमी होतो, तसतसा लोकमताचा धाक अधिक महत्त्वाचा ठरतो. नेमके तेव्हाच लोकमत पक्षांमध्ये वाटले गेले, तर सत्ताधाऱ्याला विचारणारे कोणीच उरत नाही.

म्हणूनच अशा प्रत्येक चौकशीच्या वेळी नागरिकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आज खुर्चीवर दुसऱ्या पक्षाचा माणूस असता, तर मी हेच म्हटले असते का? १९७३ मध्ये पुरेशा अमेरिकी नागरिकांचे उत्तर ‘हो’ असे होते. त्या तारांचे वजन त्यामुळेच होते.