जाडीचा रंधा घेण्यापूर्वी

सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की वाटेत इच्छापोर लागते. आज हे नाव हिऱ्यांच्या व्यापारामुळे कानी येते. पण सुतारकामही या मुलखाला जुनेच आहे. डांगचे सागवान जवळ, आणि सुरतेचे जहाजबांधणारे सुतार एके काळी इतके नावाजलेले, की ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली मुंबईच्या गोदीसाठी लवजी नसरवानजी वाडिया यांना येथूनच नेले.

त्याच भागातील एखादा तरुण सुतार पैसा पैसा साठवून मेजावर ठेवावयाचा जाडीचा रंधा, म्हणजे थिकनेस प्लेनर, घ्यावयास निघाला, तर दुकानदार त्याला रुंदी सांगेल, मोटारीची ताकद सांगेल. आम्ही त्याला म्हणू, बाबा रे, हे यंत्र काय करीत नाही, ते आधी समजून घे.

यंत्रात फळी रुळांखालून पुढे सरकते व वरची फिरती पाती तिचा पापुद्रा काढतात. वरची बाजू खालच्या बाजूला समांतर होते, एवढेच. फळी वाकडी असेल तर रूळ तिला क्षणभर दाबून सरळ करतात. बाहेर पडताच ती पुन्हा वाकते. म्हणून एक बाजू हातरंध्याने अगोदर सपाट करावयास हवी. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांना यंत्र फसवे वाटते. वास्तविक दोष यंत्राचा नसतो.

आता निवडीचे पाहू. मकिताचा २०१२एनबी घ्या उदाहरणाला. त्याची रुंदी ३०४ मिलिमीटर, वजन सुमारे २८ किलो, मोटार १६५० वॅटची. पण पूर्ण रुंदीच्या फळीतून तो एका फेरीत १ मिलिमीटरच काढतो. १५० मिलिमीटरपर्यंतच्या अरुंद फळीतून मात्र ३ मिलिमीटर. तेव्हा आपल्या दुकानात नित्य किती रुंदीच्या फळ्या येतात, ते मोजूनच दुकानाची पायरी चढावी. दिव्यापंख्याच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर असे यंत्र चालवू नये. त्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र सोय हवी.

पात्यांचा प्रश्न त्याहून मोठा. सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार लवकर मोडतो. जुन्या घराच्या सागात तर खिळेही दडलेले असतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय तसले लाकूड आत घालू नये. म्हणून पात्यांचा दुसरा जोड कोठे मिळेल व कितीस पडेल, हे यंत्राच्या किमतीइतकेच विचारावे. स्वस्त यंत्राची पाती बाजारात न मिळाल्यास ते कोपऱ्यात धूळ खात पडते.

आणि धुळीचे काय? लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. भुसा ओढून घेणारी नळी व तोंडावर चांगला मास्क यांचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरावा. घराच्या पडवीत काम चालत असेल तर हे अधिकच खरे. कारण ती धूळ लेकरांच्या नाकातही जाते.

म्हणून आमचा सल्ला एवढाच. यंत्र, पात्यांचा दुसरा जोड, विजेची सोय व धूळ ओढण्याचे साधन, या चारांची बेरीज करा. ती साठवणुकीत बसत नसेल तर आणखी सहा महिने थांबा. तोवर हातरंधा आहेच. यंत्र आल्यावरही त्याची गरज संपावयाची नाही.