हाड कोणाचं?

परवा आई येलदरीहून पुण्याला आली. निमित्त दात दाखवायचं, पण ट्रॅव्हल्समधून उतरल्या उतरल्या आधी लोणच्याची बरणी माझ्या हातात. असो.

तिची खालची एक दाढ सात-आठ वर्षांपूर्वी जिंतूरला काढली होती. ठणका लागला, काढली, कापसाचा बोळा दाबून दुपारच्या एसटीने घरी. तेव्हापासून ती एकाच बाजूने भाकरी चावते. मी म्हटलं, आता पगार बरा आहे, इम्प्लांट करून टाकू. इथल्या डॉक्टरांनी स्कॅन काढला आणि म्हणाले, "स्क्रू बसवायला हाडच उरलेलं नाही. आधी बोन ग्राफ्ट करावं लागेल."

"उरलं नाही म्हंजे? गेलं कुठं?" आईने विचारलं. आमच्या कुठल्याही रिव्ह्यू मीटिंगमध्ये इतका मुद्द्याचा प्रश्न मी ऐकलेला नाही.

तर गंमत अशी, की दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की चावण्याचा भार थांबतो आणि शरीर ते हाड हळूहळू विरघळवून टाकतं. आपल्या कंपनीत निदान काही दिवस बेंचवर तरी ठेवतात! दाढ काढल्यावर पहिल्या वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या ३ महिन्यांतच. म्हणूनच दात काढल्याबरोबर रिकाम्या खळग्यात ग्राफ्ट भरून ठेवायची पद्धत आहे. झीज पूर्ण थांबत नाही, पण कमी होते. हे आईला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित तिने नकोच म्हटलं असतं. पण सांगितलंच नाही, तर नको तरी कसं म्हणणार?

इथवर मीही मान डोलावत होतो. खरी गोष्ट पुढेच आहे.

संमतीच्या फॉर्मवर फक्त 'ग्राफ्ट मटेरियल' एवढंच लिहिलं होतं. मी त्या ब्रँडचं नाव रात्री गूगल केलं. ते गाईबैलांच्या हाडापासून बनवलेलं निघालं. आई माळकरी. धरणाच्या गावात राहून तिने आयुष्यात मासा खाल्लेला नाही. खरं सांगतो, पाच मिनिटं मनात आलं की गप्प बसावं. तिला कळणार कसं?

जगभर दंतवैद्यकात हेच हाड सर्रास वापरतात, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. प्रक्रिया करून त्यातलं सगळं सेंद्रिय काढून टाकतात, मागे उरतो तो फक्त खनिजाचा सांगाडा. तो परांचीसारखा असतो. त्याच्या आधाराने आपल्या पेशी नवं हाड घालतात. शास्त्र पक्कं आहे. तुम्ही म्हणाल, मग मांस कुठे राहिलं? बरोबर आहे. पण हा युक्तिवाद आईला पटायला हवा, मला किंवा डॉक्टरांना पटून काय उपयोग? ते कण वर्षानुवर्षं तिच्या जबड्यात राहणार आहेत. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. या बाटलीवर मला तरी कुठला ठिपका दिसला नाही.

बरं, पर्याय नाहीत असंही नाही. स्वतःचंच हाड हनुवटीतून किंवा शेवटच्या दाढेमागून घेता येतं, फक्त जखम दोन ठिकाणी होते. कारखान्यात बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट मिळतं. आणि माणसाचं हाडसुद्धा! परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. दान मिळालेली हाडं तिथे सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. खुब्याचा सांधा बदलताना काढलेलं हाडही असं दान देता येतं. आता कुणाला गाईचं नको असेल, कुणाला दुसऱ्या माणसाचं. ग्राफ्टवर घालायचा पडदा काही वेळा डुकराच्या कातड्यापासून केलेला असतो, तोही कुणाला चालणार नाही. ज्याचं तोंड त्याने ठरवावं, आणि त्यासाठी फॉर्मवर एक ओळ वाढवली तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी विचारल्यावर डॉक्टरांनी लगेच सगळं सांगितलं. माणूस सज्जन. म्हणाले, "कोणी विचारत नाही हो." तोच तर प्रॉब्लेम आहे. आमच्याकडे क्लायंटने विचारलं नाही म्हणून रिलीज नोट लिहिली नाही, असं चालतं का? ओपीडीत गर्दी असते, पेशंट कळवळत असतो, जिंतूरमध्ये ग्राफ्टचं नाव काढलं तर हा लुटायला बसलाय असंच वाटेल, सगळं मान्य. पण दोन वाक्यांना किती वेळ लागतो?

मग आईला सांगितलं. ती रागावली नाही. थोडा वेळ माळ चाचपत बसली आणि म्हणाली, "मला इचारलंस ते बरं केलंस." नंतर डॉक्टरांना तिने स्वतःच विचारलं, "न करता चालंल का?" तेही खरं बोलले, की चालेल, शेजारच्या दोन दाढा घासून ब्रिज बसवता येईल. धडधाकट दाढा घासायच्या हे काही तिला पटेना. शेवटी कारखान्यातलं घालायचं ठरलं. पुढच्या शनिवारी करायचंय, मग चार-सहा महिने थांबायचं आणि नंतर स्क्रू.

बाबांचीही एक दाढ हलतेय म्हणे. ती काढायची ठरली की मी सुट्टी टाकून जिंतूरला जाणार आहे.