पाहणीची वेळ कुणाच्या सोयीची?

संपादक,


ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करण्याच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात शिवारफेरी, गावनकाशा, महिला सभा हे सगळे कागदावर असते. म्हणून आराखडा लोकसहभागातून झाला, असे छातीठोकपणे लिहिता येते. पण त्यासाठीच्या पाहणीची वेळ, जागा आणि प्रश्न बाईकडे बघून ठरत नाहीत, तोवर चार बोलक्या पुरुषांच्या मतावरच गावाचा शिक्का बसत राहणार. सहभागी संशोधनात ‘लोक’ म्हणजे पुरुषच गृहीत धरले जातात, ही टीका अभ्यासक पॅट्रिशिया मॅग्वायर यांनी १९८७ मध्येच केली होती. पश्चिम भारतातल्या भिल्ल भागातील शेतीप्रकल्पाचा अनुभव घेऊन मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी १९९४ मध्ये दाखवले की, बाहेरच्या पाहुण्यांसमोर चारचौघांत होणाऱ्या अशा पाहणीत वजनदार माणसांचे हित गावाचे हित म्हणून नोंदले जाते आणि बाया कडेला राहतात. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. भरदुपारच्या सभेला बाई आली नाही, की ‘महिलांना रस नाही’ असा शेरा पडतो. (शेरा मारणाऱ्याचा डबा कुणी भरला, याची नोंद कुठेच नसते.)

प्रश्न कोणता विचारला जातो, हे तर वेळेहून महत्त्वाचे. सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसायची ती गरोदरपणात, नाहीतर कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टात. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. आधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुखणे जुनेच होते, विचारणारे कुणी नव्हते.

बायकांची बाजू धरून केलेले संशोधन पक्षपाती ठरेल, असे काही अभ्यासक म्हणतात. पारावर बसून केलेल्या पाहणीलाही बाजू असते, फक्त ती अहवालात लिहिलेली नसते. महिला सभेची तरतूद आहेच, हे उत्तरही अपुरे आहे. तिथे मांडलेला मुद्दा मुख्य ग्रामसभेत गळाला, तर कारण कुणाला विचारायचे? खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. बागायतदाराच्या घरची बाई आणि तिच्याच शेतात रोजाने जाणारी दलित वा आदिवासी बाई यांच्या गरजा एक नाहीत, आणि ‘महिलांचे मत’ म्हणून बहुधा पहिलीचेच लिहिले जाते. हे मान्य केले तर वस्तीवस्तीत, कामावरून परतल्यावर, लहान बैठका घ्याव्या लागतील. त्याला जास्त दिवस आणि जास्त पैसा लागेल, तो आराखड्याच्या खर्चातच धरावा. बैठक किती वाजता झाली, कोण बोलले, कोणता मुद्दा का वगळला, हे लिहून ते टिपण अंतिम मंजुरीआधी त्याच बायकांना वाचून दाखवावे. पटले नाही तर दुरुस्त करण्याचा अधिकारही त्यांना असावा.

आपली,
एक वाचक