शब्दांची धनीण कोण?

मराठींत रॅप म्हणणाऱ्या मुलींचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन तट पडतात. एक तट ‘हें पाश्चात्यांचें उष्टें’ म्हणून नाक मुरडतो. दुसरा ‘हा तर आपला पोवाडाच!’ म्हणून समाधान मानतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ मुद्दा चुकवितात.

रॅपचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत झाला, हें खरें. पण केशवसुतांनीं सॉनेट आणिलें, माधव जूलियनांनीं फारसी गझल आणिली, आणि तीं आम्ही वर्गांत अभिमानानें शिकवितों. मग परकीय जन्माचा आक्षेप ह्या मुलींवरच कां?

दुसरा पक्ष अधिक गोड, म्हणून अधिक फसवा आहे. आमच्या शिराळ्याच्या शेजारीं वाळवें तालुक्यांत रेठरें हरणाक्ष हें पठ्ठे बापूरावांचें (१८६६–१९४५) गांव. त्यांच्या लावण्या गाजविल्या त्या महार समाजांतील हिवरगांवच्या पवळेनें. तिच्यापूर्वीं तमाशांत स्त्रीचें सोंग नाच्या पोऱ्या घेई. पवळा बोर्डावर उभी राहिली आणि स्त्रीचे बोल स्त्रीच्या कंठांतून निघाले. पण ते बोल रचिलेले पुरुषाचेच! म्हणूनच बापूराव वाङ्मयेतिहासांत कवि ठरले, आणि पवळा त्यांच्या चरित्रांतील एक प्रकरण होऊन राहिली. तिला स्वतःला काय म्हणावयाचें होतें, हें बापूरावांच्या लेखणीपलीकडे आज आम्हांस फारसें ऐकूं येत नाहीं.

रॅपमध्यें ही व्यवस्था उलटते. तेथें म्हणणाऱ्यानें आपलेच शब्द म्हणावे, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या दक्षिणेंतील व्हर्जिनियाची मिसी एलियट स्वतःसाठीं व इतरांसाठींही गीतें रचीत आली. २०२३ सालीं ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्यें स्थान मिळविणारी ती पहिली स्त्री-रॅपर ठरली. आमच्याकडे अमरावतीची आर्या जाधव २०२२ सालीं दूरचित्रवाणीवरील ‘हसल’ ह्या रॅपस्पर्धेंत उतरली. महादेव कोळी समाजांतील मधुरा घाणे ‘माही जी’ ह्या नांवानें आदिवासींच्या जिण्यावर रचना करते. २०२४ सालीं तिनें उन्हाच्या लाटेवर रॅप केलें. रानाविषयीं आणि उन्हाविषयीं बोलणारी ही स्त्री कोणा शाहिराची नायिका नव्हे. ती स्वतः कवयित्री आहे.

ह्यांची भाषा रांगडी आहे, यमकें कोठें कोठें ओढून आणिलेलीं आहेत, असें कोणी म्हणेल. अवश्य म्हणावें! आम्हांस ह्यांची आरती ओवाळावयाची नाहीं. परंतु दोष दाखविण्यासाठीं सुद्धां आधीं रचना लक्ष देऊन ऐकावी लागते. सुमार कवितासंग्रहावर पानेंच्या पानें खर्चणाऱ्या परीक्षकांनीं ह्या रचनांना ‘करमणूक’ म्हणून दाराबाहेर ठेवावें, ह्यांत वाङ्मयीन कसोटी कोणतीच नाहीं. जुना सोंवळेपणा मात्र आहे. स्त्रीनें गावें, नाचावें, टाळ्या घ्याव्या, पण रचयितेपणाचा मान मागूं नये, हा तो सोंवळेपणा. तो सोडल्यावांचून आमच्या रसिकतेस रसिकता म्हणणें व्यर्थ होय.