दुखते एकीकडे, आजार दुसरीकडे

सांगलीहून मिरजेकडे निघाले की विश्रामबागच्या आसपास डॉक्टरांच्या पाट्या डोळ्यांत भरू लागतात. अस्थिरोग, हृदयरोग, मूत्रविकार, मेंदूविकार, मधुमेह, त्वचा. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि आज पार कर्नाटकातले पेशंटही उपचारासाठी इकडे येतात. तेव्हा तज्ज्ञांचा तुटवडा ही आपली अडचण नाही. अडचण अशी की, यातल्या कोणत्या पाटीखाली शिरायचे हे पेशंट स्वतःच ठरवतो, आणि बहुधा ‘जिथे दुखते तिथला डॉक्टर’ या हिशेबाने ठरवतो.

मागे ओपीडीत साठीच्या आसपासचे एक शेतकरी आले होते. चालताना पोटरी दुखायची. शंभर-दीडशे पावले टाकली की थांबावे लागे, दोन मिनिटे उभे राहिले की पुन्हा चालता येई. पाय दुखतो म्हणजे हाडांचा डॉक्टर, असे त्यांनी धरले. एक्स-रे झाला, कंबरेचा एमआरआय झाला. मणक्यात थोडी झीज निघाली. या वयात ती अनेकांच्या निघते. “मणक्यात गॅप हाय म्हणाले, सहा महिने पट्टा लावतोय,” असे त्यांनी मला सांगितले, तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. पंधरा वर्षांची शुगर आणि जोडीला विडी. दुखण्याचे मूळ मणक्यात नव्हतेच. पायाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाली होती. मणक्याच्या दुखण्यात नुसते उभे राहून सहसा भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. उभ्या-उभ्या थांबणारी पोटरीची कळ रक्तवाहिनीकडे बोट दाखवते. पावलावर दोन बोटे ठेवून नाडी पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. एवढ्या कागदांत ती पाहिल्याची नोंद कुठेच नव्हती. अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

यात त्यांना दोष देणे मला जमत नाही. कळ कुठे आहे एवढेच पेशंटला समजते. ती कुठून येते हे शोधणे आमचे काम. म्हणूनच पहिली भेट घरच्या डॉक्टरांची किंवा फिजिशियनची असावी, असा माझा आग्रह असतो. तपासणी करून कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे, ते त्यांनी सांगावे आणि हाती चिठ्ठी द्यावी: काय शंका आहे, कोणती औषधे चालू आहेत. चिठ्ठी लिहायचा कंटाळा आम्ही डॉक्टरांनीही सोडला पाहिजे. नाहीतर गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, पाठीचा वेगळा, दाढेचा वेगळा, आणि तिघांनी तीन नावांनी दिलेली वेदनाशामक गोळी एकाच जातीची. अशा गोळ्या रोज खाऊन किडनीला इजा झालेले पेशंट आम्हाला नेहमी दिसतात.

चक्करचेही तसेच. कुशीवर वळताना खोली गरकन फिरते आणि मिनिटभरात थांबते, अशी चक्कर बहुतेकदा आतल्या कानातले सूक्ष्म कण जागचे हलल्यामुळे येते. डोके ठरावीक पद्धतीने फिरवून कान-नाक-घशाचे डॉक्टर ती बऱ्याचदा टेबलावरच बरी करतात. एमआरआयची गरज सहसा पडत नाही. पण चक्करबरोबर तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एक हात-पाय लुळा पडला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तो पक्षाघात समजावा. तिथे मात्र पहिल्या भेटीचा वरचा नियम गुंडाळून ठेवायचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. सीटी स्कॅन असलेले रुग्णालय थेट गाठावे; त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवावी.

छातीतल्या दडपणालाही हाच न्याय. घाम, जबड्यात किंवा हातात कळ, धाप, आणि घरात चर्चा मात्र गॅसची. सोडा पिऊन, ओवा खाऊन रात्र काढली जाते. मधुमेहींमध्ये आणि वयस्कर बायकांमध्ये तर कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता घाम, धाप आणि गळून गेल्यासारखे वाटते. १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावा. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतू नये, तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो.

याउलट काही तज्ज्ञांकडे काहीच होत नसताना जायचे असते, आणि हे पटवणे सर्वांत अवघड. “दिसतंय की चांगलं, मग डोळ्याच्या डॉक्टरकडं कशाला?” मधुमेहाने पडदा खराब होतो तो आधी मुकाट्याने, नजर कमी होईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन पाहायचे, आणि मोजे काढून पाय दाखवायचे. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला जखमेसारखा किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचा, दुखत नसला तरी. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्याला कोणताच तज्ज्ञ आधी लागत नाही. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

आणि जुने कागद आणा. कॅरीबॅगमध्ये कोंबलेले चालतील, आम्ही लावून घेतो. पण चालू गोळ्यांची पाकिटे त्यात हवीत. “पांढरी गोल गोळी, सकाळची” यावरून औषध ओळखण्याची विद्या आम्हाला अजून साधलेली नाही.

ते शेतकरी आता दर महिन्याला येतात, आणि मी सांगायच्या आधीच चपला काढून पाय पुढे करतात. विडी दिवसाला चारवर आली आहे, असे त्यांचे म्हणणे. बरोबर येणाऱ्या काकूंचा आकडा वेगळा आहे.