बंद गाडी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या रस्त्यांवर ‘जावा’ आणि ‘येझदी’ ही नावं पुन्हा दिसू लागली आहेत. टाकीवर तीच अक्षरं, मागे तेच दोन सायलेन्सर. साठीच्या पुढचे गृहस्थ सिग्नलला मान वळवून गाडीकडे बघतात, आणि वर बसलेल्या पोराला कळत नाही की हे काका आपल्याकडे बघून का हसताहेत! नवीन शोरूम उघडलं की झेंडूच्या माळा, पेढे, फोटो हे सगळं रीतसर होतं. परत आलेल्याचं कौतुक करावंच. पण ही गाडी गेली तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेलं होतं, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

थोडा इतिहास सांगतो. यानेचेक नावाच्या चेक उद्योजकाने 1929 मध्ये ‘वांडरर’ या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचं काम हाती घेतलं आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव तयार केलं. आपल्याकडे ती आणली इराणी या मुंबईच्या पारशी कुटुंबाने. म्हैसूरच्या महाराजांचा, जयचामराजेंद्र वडियारांचा, या उद्योगाला पाठिंबा होता, आणि 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात ‘जावा’ जाऊन टाकीवर ‘येझदी’ आलं. म्हणजे ही गाडी कागदोपत्री परदेशी घराण्यातली असली, तरी आपल्या भागात ती ‘म्हैसूरची गाडी’ म्हणूनच ओळखली गेली.

तिचे नखरेही तसेच होते. किक आणि गिअर एकाच दांड्यात! किक मारायची, तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. पहिल्यांदा गाडी हातात घेणारा पाहुणा गिअर शोधत बसायचा आणि घरातली पोरं गंमत बघत उभी राहायची. पेट्रोलात ऑईल मिसळायचं ते प्रमाणात. जास्त झालं तर मागे धुराचा पडदा, कमी पडलं तर पिस्टन जाम. एका गाडीवर अख्खं घर जायचं. धाकटा टाकीवर, आई साडीचा पदर आणि मांडीवरचं बाळ सांभाळत मागे एका बाजूला पाय सोडून. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून घरात चहाचं आधण चढायचं.

अशा गाडीला एजन्सी लागायची, आणि ‘एजन्सी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शोरूम ही नंतरची गोष्ट. एजन्सीत काचा कमी आणि ऑईलचा वास जास्त. पुढे दोन-तीन गाड्या, मागे सुट्या भागांची फळी, त्याच्याही मागे वर्कशॉप. तिथल्या मिस्त्रीला गिऱ्हाईकाचं नाव आठवलं नाही तरी गाडीचा आवाज आठवायचा. आणि आपल्या भागातली खास गोष्ट म्हणजे तिथली भाषा. मालक एका भाषेत हिशेब मांडणार, मिस्त्री दुसऱ्या भाषेत शिव्या घालणार, आणि गिऱ्हाईक दोन्हीत घासाघीस करणार! ‘गाडी चालू आय्तेन्री?’ असं कुणी विचारलं की ‘झाली की हो, घेऊन जावा’ असं उत्तर यायचं. ‘चालू’ दोघांचं, ‘गाडी’ दोघांची. सीमाप्रश्नावर ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्यांचं कार्बोरेटरवर चटकन व्हायचं.

मग दिवस फिरले. 1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या 100 सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या. वजनाला हलक्या, पेट्रोलला काटकसरी. पगारदार माणूस मायलेजचा हिशेब घालू लागला की पुढचं सांगायला नको. म्हैसूरच्या कारखान्यात कामगारांचे प्रश्न चिघळले, धुराचे नियमही कडक होत गेले, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. एजन्सी काही एका दिवसात बंद होत नाही. आधी नवीन गाड्या येईनाशा होतात. मग फळीवरचा एकेक खण रिकामा होतो. मालक दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेतो किंवा जागा भाड्याने देतो. पाटी मात्र काढायची कुणाला घाई नसते, ती ऊन खात फिकी होत जाते.

बंद पडणं कंपनीला आणि विक्रेत्याला सारखं लागत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हे पुन्हा दिसलं. पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार होऊन ते नाव भारतात राहिलं. पण ज्यांनी कर्ज काढून शोरूम थाटली होती, त्या विक्रेत्यांनी नुकसानभरपाईसाठी आवाज उठवला. अशा वेळी विक्रेत्याला संरक्षण देणारा कायदा हवा, ही त्यांच्या संघटनेची मागणी आहे. मला ती रास्त वाटते. कंपनीला परत यायला एक करार पुरतो. विक्रेत्याची मोडलेली पत करारावर परत येत नाही.

येझदीच्या बाबतीत मधली वर्षं मोठी होती. 1996 ते 2018 म्हणजे बावीस वर्षं. या काळात ज्यांच्या घरी गाडी होती त्यांनी काय केलं? एजन्सीतून बाहेर पडलेल्या मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडपुढे गाडी लावली. मिस्त्रीने भंगारातल्या तीन गाड्यांतून एक उभी केली. जो भाग कुठेच मिळेना तो लेथवर कातून घेतला. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि मशीन-शॉपचं गाव, हे आपलं नशीब. उद्यमबागेत नमुना हातात दिला की बुश कातून देणारा कारागीर मिळतोच. म्हैसूरला कुलूप लागलं, तरी गाडी आपल्याकडे चालत राहिली ती अशा माणसांमुळे.

इथे आपल्या दोन भाषांची एक गंमत सांगायला हवी. मराठीत ‘बंद गाडी’ म्हणजे पडून राहिलेली गाडी. कन्नडमध्ये ‘बंद गाडी’ म्हणजे आलेली गाडी! शेवटचा ‘द’ जरा पूर्ण म्हणायचा, एवढाच फरक. दोन्ही भाषा घरात असल्या की अशा वेळी कोणत्या भाषेत ऐकायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

तर गाडी आली. महिंद्रांचा मोठा वाटा आणि जुन्या इराणी कुटुंबातल्या बोमन इराणींचा सहभाग असलेल्या ‘क्लासिक लेजंड्स’ने नोव्हेंबर 2018 मध्ये ‘जावा’ आणली. नोंदणीला एवढी झुंबड उडाली की महिन्या-दीड महिन्यात ती थांबवावी लागली. जानेवारी 2022 मध्ये ‘येझदी’ही आली. आता ती म्हैसूरला होत नाही, इंदूरजवळ पिथमपूरला होते. इंजिन चार स्ट्रोकचं, पाण्याने थंड होणारं. ऑईल मिसळायला नको, किकचा तो दांडाही नाही. ‘येझदी’ या नावावर हक्क कुणाचा, बुडालेल्या जुन्या कंपनीचा की नव्या मालकांचा, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2022 मध्ये एका न्यायमूर्तींच्या पीठाने जुन्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण अपिलात गेलं. तो कायद्याचा भाग झाला. पण नाव बावीस वर्षं रस्त्यावर जिवंत कुणी ठेवलं, हा प्रश्न कोणत्याच अर्जात नव्हता.

नव्या शोरूमबद्दल माझी तक्रार नाही. मुलं नम्र आहेत, पाणी विचारतात, टॅबवर रंग दाखवतात. पण जॉबकार्ड इंग्रजीत, सर्व्हिसची आठवण करून देणारा फोन हिंदीत. आणि वडिलांची जुनी येझदी घेऊन कुणी गेलं, तर ‘सर, ही आमच्याकडे होत नाही’ असं उत्तर मिळतं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्याकडे तिचे पानेच नाहीत. पण जुन्या नावाच्या पुण्याईवर नवी गाडी विकायची असेल, तर आठवड्यातला एक दिवस जुन्या मिस्त्रीला वर्कशॉपमध्ये जागा द्यायला काय हरकत आहे? त्याला रोज द्या, दोन पोरं त्याच्या हाताखाली बसवा. बाहेर जुन्या गाड्यांची रांग लागली तर शोरूमची जाहिरात फुकटात होईल, हे मी मालकाला सांगायची गरज नाही.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीमामांना मी हे बोलून दाखवलं. सत्तरीचे आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ते म्हणाले, ‘बोलावलं तर जाईन की. पण त्यांची फरशी पांढरी हाय हो सर, आमचं ऑईल सांडतंय.’